चोर सोडून पिस्टनला फाशी

ग्वाल्हेरात व्हॅनचं इंजिन बसलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. गाडी टोचन लावून ट्रान्सपोर्ट नगरला येते. मिस्त्री ऑइलचं झाकण काढतो, आतून भकाभका येणारा धूर बघतो आणि निकाल देऊन मोकळा होतो, "बैक मार रहा है साहब, इंजन खोलना पड़ेगा." संध्याकाळपर्यंत हेड खाली आलेलं असतं, दुसऱ्या दिवशी ब्लॉक खरादीकडे जातो. इंजिन गेलं कशानं, हे मालकानं विचारलंच तर उत्तर मिळतं, "पुरानी हो गई थी." आणि दतिया-ओरछाच्या फेऱ्या मारणारे आमचे लष्कर भागातले मराठी गाडीवालेही मान डोलावतात. मिस्त्रीच्या कामात आपण कशाला नाक खुपसायचं?

या पद्धतीची बाजू घेणारे लोक अडाणी नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो. पहिलं, इतकं मोठं नुकसान झालंय, तर तपासण्या कसल्या करत बसता? खोलल्यावर दिसेलच. दुसरं, उस्तादाचा कान खोटं बोलत नाही. तिसरं, रिंग-पिस्टन, बेअरिंग, लायनर सगळं नवं घातलं की कारण कुठलंही असो, प्रश्न मिटला. चौथं, सीझन चालू आहे, गाडी उभी राहिली की रोजचा धंदा बुडतो. या चारही मुद्द्यांत थोडं थोडं तथ्य आहे. पण चारही मिळून निष्कर्ष मात्र चुकीचा निघतो, आणि त्याची किंमत मालक एकदा नाही, दोनदा मोजतो.

आधी "खोलल्यावर दिसेलच" घेऊ. खोलल्यावर तुटलेलं दिसतं, तोडणारा दिसत नाही. तोडणारा पकडायचा तर इंजिन जुळलेलं असतानाच पकडावा लागतो, कारण त्याचे बरेचसे पुरावे दाबाचे, गळतीचे आणि आवाजाचे असतात. नट ढिले केले की ते गेलेच.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. म्हणून कॉम्प्रेशन मोजणं ही पहिली पायरी. ग्लो प्लग काढून त्या भोकातून डिझेलचा गेज लावायचा. पेट्रोलचा गेज इथे चालत नाही, त्याचा काटा पुरत नाही. बॅटरी भरलेली हवी, स्टार्टर जोमात फिरायला हवा आणि चारही सिलिंडर मोजायला हवेत. निरोगी इंजिनात आकडा साधारण 20 ते 30 बारच्या दरम्यान येतो. नेमका किती हवा ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतं. पण त्या आकड्यापेक्षा चौघांमधला फरक जास्त बोलका. चारही सारखेच उतरलेले असतील तर झीज सगळीकडे सारखी आहे, म्हणजे धूळ किंवा वय. तीन ठणठणीत आणि एकच मेलेला असेल तर त्या एकाचा काहीतरी खास वैरी आहे. शेजारशेजारचे दोन पडले असतील तर त्यांच्या मधल्या हेड गॅसकेटकडे आधी बघा. एवढा उलगडा एका साध्या गेजनं होतो, तोही हेड न उतरवता.

कॉम्प्रेशन कमी आलं की काही मिस्त्री सिलिंडरमध्ये थोडं ऑइल ओतून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही तर व्हॉल्व्ह गेले. ही युक्ती पेट्रोलची. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा इतकी लहान असते की ऑइलनंच ती भरते आणि आकडा उगाच फुगतो. ऑइल जास्त पडलं तर दाबलं न जाणाऱ्या त्या द्रवावर पिस्टन आदळून कनेक्टिंग रॉडही वाकू शकतो. त्यापेक्षा त्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि सूं-सूं कुठून येते ते ऐका. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. हवेच्या पाइपातून आली तर इनलेट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅसकेट किंवा तडकलेलं हेड. मिस्त्रीच्या कानाचा खरा उपयोग इथे आहे.

आता "बॅक मारतंय" या निकालाकडे वळू. झाकणातून धूर येतो म्हणजे ज्वलनाचा वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोय, इतकंच त्यातून कळतं. रिंगा झिजल्यामुळे तो उतरतो, रिंगा कार्बननं चिकटल्या असतील तरी उतरतो, पिस्टनला भोक पडलं असेल तरी उतरतो. टर्बोच्या सीलमधून येणारी हवाही तिथंच पोचते, आणि ब्रेथरची नळी चोंदली असेल तर चांगल्या इंजिनाचंही झाकण उडतं. पाच आरोपींना एकच निकाल लावायला मिस्त्रीला अर्धा मिनिट पुरतं आणि मालकाला त्यासाठी अर्धं इंजिन विकत घ्यावं लागतं.

नोझलचंही तसंच. कॉमन रेल इंजिनात प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी काढून चार पारदर्शक बाटल्यांत सोडायची आणि इंजिन काही मिनिटं चालवायचं. जी बाटली इतरांपेक्षा भराभर भरते, तो इंजेक्टर आतून गळतोय. ही तपासणी इंजिन चालू ठेवून होते. चालू होतच नसेल तर स्टार्टरवर फिरवून किंवा बेंचवर करावी लागते. पण आधी ब्लॉक उतरवलात आणि इंजेक्टर फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेत, तर ते आरोपींच्या यादीतून आपोआप सुटतात. पुढे तेच, न तपासलेले, नव्या पिस्टनच्या डोक्यावर बसवले जातात.

खोलल्यानंतर काय होतं, ते कोणत्याही गॅरेजात उभं राहून बघा. पिस्टन निघाला की तो डिझेलच्या तसराळ्यात पडतो, ब्रशनं घासला जातो, लख्ख होतो. काम स्वच्छ दिसावं ही मिस्त्रीची इच्छा चांगलीच. पण त्या काळ्या थरातच कबुलीजबाब लिहिलेला असतो. पिस्टन हातात घेऊन उजेडाकडे धरा. माथ्यावर नोझलच्या फवाऱ्याच्या दिशेनं धातू वितळून चर पडले असतील, तर इंजेक्टर ठिबकत होता किंवा चुकीच्या वेळी डिझेल सोडत होता. बाजूवर वरून खाली एकाच पट्टीत चकचकीत ओरखडे असतील, तर जादा डिझेलनं भिंतीवरचा ऑइलचा पापुद्रा धुऊन नेला. पिनच्या दोन्ही बाजूंना, चार कोपऱ्यांवर घासल्याच्या खुणा असतील, तर इंजिन तापलं आणि पिस्टन फुगून भिंतीला भिडला. चारही पिस्टनच्या रिंगा एकसारख्या पातळ झाल्या असतील आणि लायनरच्या वरच्या टोकाला बोटाला लागेल असा कंगोरा असेल, तर हवेच्या वाटेनं धूळ आत गेली.

बेअरिंगही असंच सांगतं. करड्या थराखालचं तांबं उघडं पडलं असेल आणि क्रँकचा जर्नल निळा झाला असेल, तर तिथं ऑइल पोचलंच नाही. सगळ्या बेअरिंगांत बारीक चरे असतील, तर ऑइल पोचलं, पण घाण घेऊन पोचलं. म्हणून माझं पहिलं मागणं साधं आहे. मालकानं बघून मोबाइलवर फोटो काढेपर्यंत एकही भाग धुवायचा नाही, आणि कुठला पिस्टन कितव्या सिलिंडरचा यावर खडूनं नंबर टाकायचा. पैशाचं काम नाही हे, फक्त हात आवरायचं आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यांत मोहक आहे. सगळंच नवं घालू, मग कारण शोधायचं कशाला? पण "सगळं" म्हणजे काय? हाफ इंजिनाच्या बिलात पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅसकेट असतात. रेडिएटर नसतो, इंटरकूलर नसतो, ऑइल कूलर नसतो, टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी नसते, फाटलेला हवेचा पाइप नसतो, इंजेक्टर नसतात. म्हणजे बदलले जातात ते मार खाल्लेले भाग आणि राहतात ते मारणारे. बेअरिंग उडालं की त्याचा चुरा ऑइल कूलरच्या अरुंद वाटांत अडकतो. तो धुऊन पुरता निघत नाही, कूलरच बदलावा लागतो. नाही बदलला तर नव्या क्रँकला पहिल्याच दिवशी जुन्या बेअरिंगचा चुरा पाजला जातो. टर्बोचं पातं तुटलं तर तुकडे इंटरकूलरमध्ये वाट बघत बसतात. हाय प्रेशर पंप आतून झिजून कण सोडायला लागला, तर ते रेलपासून इंजेक्टरपर्यंत आणि परतीच्या नळीनं टाकीपर्यंत पसरतात. तिथं एक इंजेक्टर बदलणं म्हणजे चौघांपैकी एकाच्या पायातला काटा काढून चौघांनाही त्याच काट्यांवरून चालवणं.

ज्यांना दुरुस्तीपेक्षा बदल बरा वाटतो, त्यांचा आणखी एक सल्ला असतो. जुनी गाडी फुंकून टाका आणि मेळ्यात नवी घ्या. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा 1905 साली माधवराव शिंद्यांच्या काळात सुरू झाला, आणि अलीकडे तिथे वाहनांना रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळालेली आहे, त्यामुळे मोह होतो हे खरं. पण गाडी बदलली तरी गाडीवाला तोच. फिल्टर झटकून पुन्हा बसवण्याची सवय, बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय, तापमानाचा काटा वर गेला तरी "धौलपूरपर्यंत पोचू" म्हणण्याची सवय, हे सगळं नव्या गाडीत मालकाबरोबरच बसतं.

ग्वाल्हेरच्या बाबतीत ही गोष्ट जास्त गंभीर आहे. मे-जूनमध्ये इथं पारा पंचेचाळिशी ओलांडतो. चंबळच्या बाजूनं येणारी बारीक धूळ इतकी मऊ असते की फिल्टरनंतरच्या पाइपला नखाएवढी चीर पडली तरी ती आत घुसते. त्या पाइपाच्या आतून बोट फिरवा. बोटाला मातीचा पट्टा लागला तर इंजिनाच्या मृत्यूचं कारण त्या बोटावर आहे, पिस्टनमध्ये शोधायची गरज नाही. जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या पाण्याच्या वाटांत बसतो, तेव्हा वरून पाणी भरलेलं दिसतं आणि आत उष्णता निघत नाही. ज्या इंजिनात लायनरची बाहेरची बाजू थेट पाण्यात असते, त्यात कूलंटऐवजी नुसतं पाणी वापरलं तर दुखणं आणखी वेगळं होतं. लायनरच्या थरथरीनं पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात, फुटतात आणि धातूला टाचणीएवढे खड्डे पाडतात. अशाच एखाद्या खड्ड्यातून एके दिवशी पाणी ऑइलमध्ये उतरतं.

उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, हा आमच्याकडचा लाडका तोडगा. अनेक इंजिनांत हाच व्हॉल्व्ह गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करून सगळं पाणी रेडिएटरकडे वळवतो. तो काढला की पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच परत फिरतो आणि गर्दीत, चढावर गाडी उलट जास्त तापते. हिवाळ्यात पहाटे दोन-तीन अंशांत निघालेलं इंजिन मात्र थंडच राहतं, डिझेल अर्धवट जळतं आणि रिंगा कार्बननं चिकटतात. म्हणजे एकाच तोडग्यानं दोन्ही ऋतूंत नुकसान. असं इंजिन तुम्ही कितीही वेळा नव्यानं बांधा, ते पुन्हा बसणारच.

आता उस्तादाचा कान. त्याचा मी आदरच करतो. तो कान मॅटाडोरवर तयार झालेला आहे. 1958 साली जर्मनीच्या विडाल अँड सोहनशी करार करून उभी राहिलेली बजाज टेम्पो, म्हणजे आताची फोर्स मोटर्स, हिच्या मॅटाडोरमध्ये आणि 1987 साली आलेल्या ट्रॅव्हलरमध्ये मर्सिडीजचं ओएम 616 हे चार सिलिंडरचं इंजिन होतं. त्यात डिझेल आधी छोट्या कोठडीत पेटायचं आणि नोझल शंभर-सव्वाशे बारच्या आसपास उघडायचं. तिथं नळीचा नट ढिला केला, आवाज बदलला, की कुठला सिलिंडर मेला ते कळत असे. मध्य भारतातल्या दोन पिढ्यांचे मिस्त्री त्याच इंजिनावर शिकले. आजच्या कॉमन रेलमध्ये दाब हजार-दीड हजार बारच्याही पुढे जातो. तिथं नट ढिला करणं ही तपासणी नव्हे, जिवाशी खेळ आहे. त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत शिरते आणि बोटही गमवावं लागू शकतं.

खटखट आवाजाचंच घ्या. ठिबकणाऱ्या इंजेक्टरची खटखट आणि बिग-एंड बेअरिंगची खटखट अनुभवी कानालाही फसवते. स्कॅनरनं एकेका सिलिंडरचं डिझेल बंद करून पाहा. आवाज गेला तर सिलिंडर सापडला, पण दोषी ठरला नाही, कारण भार कमी झाला की बेअरिंगही गप्प होतं. मग ऑइलचा दाब गेजनं मोजा आणि ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. कागदात चमचमती कणी सापडली तर बेअरिंग, कागद स्वच्छ असेल तर बोट इंजेक्टरकडे. दुसऱ्या टोकाला स्कॅनरचे भक्त आहेत, त्यांनाही हेच सांगायचं. स्कॅनर सेन्सरला दिसलं तेवढंच वाचतो. रेलचा दाब कमी, असा कोड आला तर पंप खराब, इंजेक्टर गळका, डिझेल फिल्टर चोंदलेला की टाकीकडून येणाऱ्या नळीत हवा ओढली जाते, हे तो सांगत नाही. कोड वाचून पंप बदलणारा आणि धूर बघून हेड काढणारा, हे दोघे एकाच जातकुळीचे.

2020 च्या एप्रिलपासूनच्या बीएस 6 गाड्यांनी एक नवं दुखणं आणलंय. एक्झॉस्टच्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे ते जाळणं अर्धवट राहिलं तर त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी झालेलं नाही, वाढलेलं दिसतं, आणि गाडीवाला खूश होतो, "गाडी ऑइल पीतच नाही!" पातळ झालेल्या त्या ऑइलनं बेअरिंग जातं तेव्हा हा आनंद कुणाला आठवत नाही. म्हणून बसलेल्या इंजिनाचं ऑइल गटारात ओतण्यापूर्वी त्याची पातळी बघा, वास घ्या, एक थेंब तापल्या पत्र्यावर टाका. तडतडला तर त्यात पाणी आहे.

शेवटचा आक्षेप वेळेचा, आणि तो खोटा नाही. लग्नसराईत गाडी उभी म्हणजे हप्ता अंगावर. पण हिशेब नीट मांडा. मी सांगतोय त्या तपासण्या हत्यारं हाताशी असतील तर दिवसाभराच्या आहेत. इंजिन उतरवून, खरादीकडून आणून, बांधून पुन्हा चढवण्याचे दिवस त्याच्या कितीतरी पट, आणि कारण तसंच राहिलं तर हे सगळे दिवस पुन्हा. शिवाय कधीकधी तपासणीनंतर इंजिन खोलावंच लागत नाही. एक इंजेक्टर, एक ब्रेथर, एक गॅसकेट यांवर काम भागतं. निदानाला वेळ नाही म्हणणारा गाडीवाला दुसऱ्यांदा इंजिन उतरवायला मात्र वेळ काढतोच.

एक गोष्ट मी मान्य करतो. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, तर कॉम्प्रेशन मोजत बसणं हास्यास्पद आहे. चारही सिलिंडर सारखे थकलेले असतील आणि गाडी लाखो किलोमीटर चाललेली असेल, तर खोलणं हाच उपाय. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं 2015 साली घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली उचलून धरली. त्यानंतर तिकडच्या उतारवयाच्या गाड्या बाहेरच्या राज्यांत विकल्या जाऊ लागल्या आणि ग्वाल्हेर दिल्लीहून सव्वातीनशे किलोमीटरवर आहे. अशा गाडीचा इतिहास तुमच्याकडे नसतो. पण तेव्हाही कारण शोधणं चुकत नाही, उलट तिथंच ते जास्त लागतं. आणि खोललंत तर मापानं बांधा. क्रँकचा जर्नल मायक्रोमीटरनं मोजूनच 0.25 की 0.50 चं बेअरिंग ते ठरवा. हेड नुसतं फेस करू नका, तडा तपासून घ्या. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून त्या जाडीचा गॅसकेट घ्या. नवे इंजेक्टर बसवले तर त्यांचे कोड संगणकात भरून घ्या. अंगठ्यानं चाचपून "बस, ठीक है" म्हणण्याचे दिवस मॅटाडोरबरोबर गेले.

तेव्हा गाडीवाल्यांनो, इंजिन खोलायला होकार देण्याआधी चार गोष्टी कागदावर मागा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, इंजेक्टरच्या परतीची तपासणी, ऑइल आणि पाण्याची स्थिती, आणि हवेच्या पाइपाची तपासणी. बिल देताना पाचवी मागा. इंजिन कशानं गेलं आणि ते कारण दूर केलं का, हे एका ओळीत लिहून घ्या. ती ओळ ज्या मिस्त्रीला लिहिता येते त्याला मागेल ती मजुरी द्या, घासाघीस करू नका. ज्याला ती लिहिता येत नाही, त्याच्या हाती पाना देऊ नका.